ड्रोन नेताना परतीचाही विचार हवा

महोदय,
मुंबईहून ड्रोन घेऊन परदेशी निघणारे तिकडचे कायदे बघत नाहीत. मोरोक्कोत परवान्याविना नेलेला ड्रोन कस्टम्स विमानतळावरच ठेवून घेते. पावती हरवली की परत मिळणे अवघड. इजिप्तमध्ये तर संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणेही गुन्हा. सुट्या बॅटऱ्या हातसामानातच, टोकांना चिकटपट्टी लावून.

पण खरी मेख परतताना. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे इथूनच नेलेला ड्रोनही नवा समजला जाऊ शकतो. म्हणून जातानाच विमानतळावरील कस्टम्सकडून अनुक्रमांक नोंदवलेले निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी वस्तू दाखवावी लागते. ती चेक-इनला गेली की संपले!

– एक वाचक, विलेपार्ले, मुंबई