गार झाल्याशिवाय झाकण नको

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी एकच गोष्ट चारदा सांगितली आणि तू चिडलीस. म्हणून इथे एकदाच लिहिते. इंजिन गरम असताना कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण उघडू नकोस.

तू पाठवलेला तुझ्या गाडीचा तो सुऽऽ आवाज कितीदा तरी ऐकला. गाडी बंद केल्यावरही तो दोन मिनिटं चालू राहतो, हे तू मी न विचारताच सांगितलंस. फार बरं वाटलं, कारण अर्धं निदान तिथेच होतं. इंजिन चालू असेपर्यंतच येणारा सुसकारा बहुधा व्हॅक्यूमचा असतो. एखादा रबरी पाइप तडकलेला असतो, त्यातून इंजिन बाहेरची हवा ओढतं, हवा-इंधनाचं मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं, वरखाली होऊ लागतं. गाडी बंद केली की तो आवाज लगेच थांबतो. ब्रेक दाबल्यावर सुसकारा वाढून पेडल जड लागत असेल, तर ब्रेक बूस्टर, म्हणजे पेडल हलकं करणारा भाग, तपासायचा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाब, मग दाबून धरूनच गाडी सुरू कर. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर गाडी जागची हलवायची नाही. एसी बंद केल्यावर थोडा वेळ येणारा फुसफुसाट मात्र गॅसचा दाब समान होण्याचा असतो, तो सोडून दे.

तुझा आवाज यातला वाटत नाही. बंद केल्यावरही चालू राहतो आणि गोडसर वास येतो, म्हणजे कूलंट कुठून तरी दाबाने बाहेर पडून गरम लोखंडावर वाफ होतंय. बऱ्याच झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. एक बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की तो दाब एका क्षणात जातो आणि आतलं सगळं उकळून थेट तोंडावर येतं. कापड धरून उघडलं तरी भाजतं. मावशीचा हात तू पाहिला आहेस. बघ, पुन्हा त्यावरच आले.

निदान तासभर थांब. मग रेडिएटरचा वरचा जाड होज, म्हणजे रबरी पाइप, बोटांनी दाबून बघ. टणक लागला तर दाब अजून आहे. हात घालण्यापूर्वी किल्ली काढून घे. गाडी बंद असली तरी रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो. पूर्ण गार झाल्यावर हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन होजच्या टोकांशी, तो आवळणाऱ्या क्लॅम्पच्या कडेला नीट पाहा. गळती असेल तिथे कूलंट वाळून पांढरट-हिरवट पापुद्रा धरतं. सहा वर्षांची होतीस तेव्हा माझ्या शेजारी बॅटरी धरून उभी राहायचीस आणि असा पापुद्रा माझ्याआधी तुलाच दिसायचा. हात अवघडला तरी खाली करायची नाहीस. जाऊ दे.

काहीच दिसलं नाही तर मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घे. गार इंजिनावर हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघतात. काटा उतरला म्हणजे गळती आहेच. झाकणही तपासायला सांग. त्याचा रबर कडक झाला असेल तर वाफ तिथूनच निघते. नवीन झाकण त्याच आकड्याचं हवं.

गळती होजची निघाली तर टेप गुंडाळून भागवू नकोस, गरम दाबाखाली ती टिकत नाही. जुना होज ओढू नकोस, पिळून सोडव. तरीही हलला नाही तर उभा चिरून काढ, नाहीतर रेडिएटरची प्लास्टिकची नळी मोडेल. नळीवरचा पापुद्रा बारीक पॉलिश पेपरने साफ कर आणि क्लॅम्प नळीच्या उंचवट्याच्या मागे बसव. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भर. हीटर पूर्ण गरमवर ठेवून वरचा होज तापेपर्यंत इंजिन चालव, म्हणजे अडकलेली हवा निघेल. गार झाल्यावर पातळी पुन्हा बघ. सांडलेलं लगेच पूस. ते गोड लागतं आणि विषारी असतं, तुझं मांजर चाटेल.

फार शिकवलं, राग मानू नकोस. हे सगळं तुला जमेल, याबद्दल मला शंका नाही. भीती फक्त घाईची वाटते, कारण शनिवारी निघायचं आहे आणि बाबांसारखीच तूही ठरलेली वेळ मोडत नाहीस. वाटेत तापमानाचा काटा लाल रेषेकडे चढू लागला तर एसी बंद कर, हीटर पूर्ण चालू कर, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद कर आणि झाकणाला हात न लावता थांब. गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तडकू शकतं.

उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी टाकीतली पातळी खालच्या रेषेच्या वर आहे की खाली, तेवढं कळव. मी सहा वाजता उठलेली असेन.

तुझी,
आई