माझ्या मुठीत स्वतःची बोटं देणाऱ्या मॅडमना

मॅडम,

तुम्ही मला काकू म्हणता आणि मी तुम्हाला मॅडम. वयाचा हिशेब केला तर तुम्ही माझ्या धाकट्या लेकीच्या आसपासच असाल, पण मोडलेल्या मनगटानंतर हाताचे व्यायाम करून घेताना तुमच्याकडून जे शिकले त्यानंतर एकेरी काही तोंडात येत नाही. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो काकू, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय. आता बदला विषय.

उजवं मनगट मोडलं, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. हाड नीट जुळलं होतं, ते जुळवणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. राग आहे तो त्यानंतर कानावर पडलेल्या वाक्याचा: "घरी चेंडू दाबत राहा, येईल ताकद." बोलणाऱ्याची नजर कॉम्प्युटरवर. किती दाबायचा, किती वेळ, दुखलं तर काय, बोटं सुजली तर काय? विचारलं तर उत्तर आलं, "जमेल तेवढं." मग ओळखीतल्या एका उत्साही तरुणानं व्यायामशाळेतलं स्प्रिंगचं ग्रिपर आणून दिलं. इतकं कडक की धडधाकट हातालाही घाम फुटावा. सोबत उपदेश फुकट, की दुखल्याशिवाय ताकद येत नसते. आणखी एका ठिकाणी पैसे भरून बसले, तर हाताला यंत्राच्या पट्ट्या चिकटवून तिथला माणूस पडद्याआड गेला तो वेळ संपल्यावरच उगवला. एवढ्या जणांनी माझ्या हाताला उपाय सुचवले, आणि एकालाही तो हात हातात घेऊन बघावासा वाटला नाही.

तुम्ही घेतलात. टेबलावर माझा हात ठेवलात, मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल सरकवलात आणि तुमची दोन बोटं माझ्या तळव्यात देऊन म्हणालात, "दाबा काकू. मला काही होत नाही." मी दाबली. दाबली कसली, बोटं कशीबशी मिटली आणि थरथरली. तेव्हा तुम्ही हाताकडे बघतच नव्हतात, माझ्या चेहऱ्याकडे बघत होतात. माझ्या कपाळावर आठी पडायचा अवकाश, "बस्स, आज इथपर्यंत." मग तीच दोन बोटं माझ्या डाव्या हातात दिलीत. डाव्यानं आवळल्यावर "आई गं" म्हणून हसलात आणि म्हणालात, "हा सगळा जोर उजव्यात परत आणायचाय. पण सावकाश."

तुमच्याकडे पकड मोजायचं यंत्र आहे. कोपर काटकोनात धरून तेही दाबायला लावलंत, किलोमधला आकडा वहीत लिहिलात. पण आधी बोटं दिलीत आणि मग यंत्र. ज्या बोटांवर तुमचं पोट आहे ती तुम्ही एका अनोळखी बाईच्या मुठीत बिनधास्त दिलीत, आणि अशा मुठी दिवसभरात किती येत असतील कोण जाणे. घरी आल्यावर मी यांना फक्त एवढंच सांगितलं. व्यायामाचं नंतर.

मग तुम्ही म्हणालात, डावा हात उजव्या कोपराच्या खाली ठेवा आणि उजवी बोटं हलवा. कातडीखाली काहीतरी सरकताना डाव्या हाताला लागलं. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि लांब कंडरांनी, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांनी, बोटं ओढतात, हे मला या वयात कळलं. जन्मभर शिवणकाम केलं, दिवसभर कात्री चालवली की कोपराखाली हात का भरून येतो याचा कधी पत्ता नव्हता. मनगटाचंही तसंच. ते तळव्याच्या बाजूला पूर्ण वाकवून मूठ घट्ट करायला गेलं तर बोटं मिटतच नाहीत. तेच किंचित वर उचललं की पकड बसते. हे वाचणाऱ्यांनी आत्ता करून बघायला हरकत नाही. मी पडत्या मनगटानं चेंडू आवळत होते, कारण मनगट कसं धरायचं असतं हे सांगायला कुणाला सवड झाली नव्हती.

तुम्ही दाबायला दिलेला पुट्टीचा, म्हणजे हाताच्या व्यायामाच्या कणकेसारख्या लगद्याचा, गोळा पाहून मला, खरं सांगते, अपमान वाटला होता. सगळ्यात मऊ, लहान मुलांच्या हातात द्यावा असा. "याच्यापुढचा, जरा कडक रंग द्या ना," म्हटलं तर तुम्ही मान हलवलीत. रंगावर जाऊ नका, बनवणारा बदलला की रंगही बदलतात, हाताला काय झेपतं ते बघा, म्हणालात. वर आणखी एक गोष्ट सांगितलीत जी मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय: स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, कंडरांना महिने लागतात. जोर आलासा वाटला म्हणून माणूस वाढवत जातो, कंडरा मागे राहतात आणि दुखणं तिथे धरतं. ग्रिपर देणाऱ्या त्या तरुणाला हे ऐकवलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. बरं वाटलं.

सगळे व्यायाम इथे मांडत बसत नाही. माझ्या हातासाठी ठरवलेलं दुसऱ्यानं डोळे झाकून करावं असं ते नव्हेच. पण तुमची सकाळची परीक्षा सांगितल्याशिवाय राहवत नाही. दाबताना थोडी ओढ जाणवली तर चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी उठल्यावर बोटं कालच्यापेक्षा जड किंवा सुजलेली वाटली, तर काल जास्त झालं. मग त्या दिवशी नुसत्या बिनजोराच्या हालचाली, आणि पुन्हा सुरू करताना निम्म्यावर यायचं. एरवीही जोराचे व्यायाम एक दिवस आड. मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, तर तिथेच थांबायचं आणि दाखवायला यायचं, कारण मनगटातल्या चिंचोळ्या बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक नस (रक्ताची नव्हे, संवेदनेची, म्हणजे मज्जातंतू) एकत्र जातात, आणि सुजेनं जागा कमी झाली की चेपली जाते ती नस. एखादं बोट वाकलेलंच अडकून मग टक्कन सुटायला लागलं, तरीही दाबादाबी बंद. कुठे थांबायचं याची एवढी माहिती मला तोवर कुणीच दिली नव्हती. सगळे 'करा, करा' म्हणणारेच.

आकडे मोठ्यानं मोजायला लावलेत तेव्हा वाटलं, शाळाच भरली की. नंतर ध्यानात आलं, मोठ्यानं मोजताना श्वास कोंडता येत नाही. जोर लावताना श्वास धरून ठेवला की रक्तदाब चढतो, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं तुम्ही पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं.

आणि कात्री. "तुमची नेहमीची कात्री घेऊन या," म्हणालात. माझी ती जुनी, जड, कापड कापायची कात्री तुम्ही टेबलावर ठेवलीत, जुन्या चादरीचा तुकडा पुढे केलात आणि गप्प बसून बघत राहिलात. पाती मिटत होती. अडत होती ती उघडताना. अंगठा मागे जाईना, बाकीची बोटं पसरेनात. चेंडू जन्मभर दाबला असता तरी हे सुधारलं नसतं, कारण बोटं उघडणारे स्नायू हाताच्या मागच्या बाजूचे, आणि त्यांना कुणी काम सांगितलंच नव्हतं. मग साधं रबरबँड आलं. पाचही बोटांच्या टोकांभोवती अडकवायचं, हळू उघडायचं आणि त्याहून हळू मिटायचं, रबराला बोटं ओढू द्यायची नाहीत. दिसायला पोरखेळ. दहा वेळा केलं की कोपराखालच्या मागच्या बाजूला असं भरून येतं की हसू पळतं.

मधे एका नातेवाइकानं मला एक बातमी पाठवून चांगलं घाबरवलं होतं. पकड कमी झालेली माणसं लवकर जातात म्हणे. छापील कागद घेऊन मी तुमच्याकडे आले. अभ्यास खरा आहे, म्हणालात. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला, १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा, आणि पकड ५ किलोनं कमी असली तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला हेही खरं. पण पकड हा सगळ्या शरीराच्या ताकदीचा आरसा आहे काकू, आरसा पुसून चेहरा उजळत नाही. हाताचं हातासाठी करा आणि रोज चालायला जा. त्या रात्री मला नीट झोप लागली. पाठवणाऱ्यानं बहुधा बातमीचा मथळासुद्धा पुरता वाचला नसावा.

त्याच काळात बँकेत माझी सही जुळत नव्हती. खिडकीतल्या माणसानं मागची रांग थोपवून धरली, कोरा कागद पुढे केला आणि म्हणाला, "आधी यावर गिरवून बघा, मग फॉर्मवर करा. घाई नाही." त्याला पकड, कंडरा काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. समोरच्या माणसाकडे बघायचं आणि मग बोलायचं, एवढंच त्याला येत होतं. शिकून येतं की घरातूनच यावं लागतं, मला माहीत नाही. पण ज्यांच्याकडे ते नसतं त्यांच्या भिंतीवर पदव्यांच्या कितीही चौकटी लागलेल्या असोत, माणूस तिथून कोरडाच परत येतो. तुमच्याकडून मी कधी तशी परतले नाही, दुखतंय म्हणून रडत आले होते त्या दिवशीही.

आता कात्री चालते. दुहेरी कापडावर अजून दमते, पण चालते. बटणं लावते, बाटलीचं झाकण उघडते, ओला टॉवेल पिळते. पिळल्यावरही थोडं पाणी राहतं, ते हे पुन्हा पिळतात आणि मुकाट्यानं वाळत घालतात. उजव्याचा आकडा डाव्याला अजून गाठत नाहीये. गाठेल तेव्हा गाठेल. पुट्टीचा पुढचा रंग तुम्ही आपणहून काढून दिलात, त्या दिवशी मी पदवी मिळाल्याच्या थाटात घरी आले होते.

आभार मानते. मनापासून, आणि अजून गळा दाटतो म्हणून लिहूनच.

जाता जाता एक काम आहे. आमच्या जाऊबाईंच्या अंगठ्याच्या बुडाशी दुखतं, चिमटीत किल्ली धरली की कळ जाते. कुणाचं तरी ऐकून त्यांनी कपड्यांचे कडक चिमटे दाबायचा व्यायाम सुरू केला होता. चिमटीच्या टोकाला लावलेला जोर अंगठ्याच्या बुडाशी कित्येक पटीनं पोचतो, हे तुम्ही सांगितलेलं मी त्यांना सांगितलं आणि चिमटे काढून घेतले. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन येते. बाई जोरकस आहेत आणि हात राखून दाबायची त्यांना सवय नाही, तेव्हा बोटं देताना जरा बेतानं.

तुमची,
कात्रीवाल्या काकू