चवथीच्या फोटोंना फ्लॅश कशाला?

संपादक महोदय,

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर भरलेलं असतं, सगळे एका फ्रेममध्ये येतात आणि तेवढ्यात कोणीतरी मोबाईलचा फ्लॅश मारतो की झालं, पुढचे चेहरे पांढरेफटक आणि मागची माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची सजावट) काळोखात, कारण तो फ्लॅश जेमतेम दोन-तीन मीटर पोचतो. आपल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्या आहेत ना, त्यातून येतो तसला मऊ उजेड मिळावा म्हणून स्टुडिओवाले सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरं कापड लावलेली पेटी) विकत घेतात! आजीला त्या खिडकीच्या बाजूला बसवा, दुसरीकडून कोणीतरी पांढरी चादर धरा, चेहऱ्यावरची सावली लगेच हलकी होते. राजांगण (घराच्या मधलं उघडं अंगण) असेल तर ढगाळ दुपार उत्तमच.

आरतीला ट्यूबलाईट बंद, नाहीतर समईचा पिवळा आणि ट्यूबचा निळसर उजेड मिसळून रंगांची पार वाट लागते. बहुतेक मोबाईलात स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्सपोजर (फोटोतला उजेड) लॉक होतं, मग मोबाईल खांबाला टेकवून काढा. पोरं हलणारच, थोडं ब्लर आलं तर येऊ दे, मला तर तसलेच जास्त आवडतात. आणि ते ओळीत उभं करून 'स्माईल' म्हणणं यंदा तरी सोडा बुवा, फुगड्या चालू असताना टिपा की!

– एक वाचक, फोंडा