सात दिवस आधी विमानात बसलो असतो तर: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

भोसरी, पुणे
11 जानेवारी 2026

प्रति,
सन्माननीय अर्थमंत्री महोदया,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: जर्मनीत भरलेला कर इथे न धरल्याबद्दल आणि त्यापोटी यंदाचा परतावा परस्पर वळता करून घेतल्याबद्दल.

महोदया,

सविनय नमस्कार. अर्थसंकल्प तीन आठवड्यांवर आला आहे. अशा वेळी एका सर्व्हिस इंजिनिअरचं पत्र वाचायला आपल्याला सवड नसणार, हे मी समजू शकतो. पण गेल्या मंगळवारी सकाळी पावणेसातला कंपनीच्या बसमध्ये, नाशिक फाट्याच्या सिग्नलला, मला एक मेसेज आला आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. या वर्षीचा माझा 58,240 रुपयांचा प्राप्तिकराचा परतावा आधीच्या वर्षाच्या थकबाकीपोटी वळता केला, असं त्यात लिहिलं होतं. ती थकबाकी मला मान्य नाही, हे मी पोर्टलवर दिलेल्या मुदतीत कळवलं होतं. मान्य नसण्याची कारणं टंकून, कागद जोडून कळवलं होतं. तरी पैसे गेले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलंय, हे पैसे त्यातलेच होते.

थोडं मागून सांगतो. आमची कंपनी मशिनी बनवते. मशीन परदेशात गेली की ती उभी करून चालू करून द्यायला माणूस पाठवावा लागतो. 5 ऑक्टोबर 2023 ला मी निघालो, स्टुटगार्टजवळच्या एका गावात काम केलं, 28 जून 2024 ला परत आलो. जवळपास नऊ महिने. पगार इथून चालू होता, तिथला भत्ता वेगळा. पण त्या सगळ्याचा खर्च जर्मनीतल्या आमच्याच शाखेच्या पुस्तकात पडत होता. त्यामुळे वर्षात 183 दिवसांपेक्षा जास्त न राहणाऱ्याला तिथे कर नाही, ही सवलत मला लागू नाही, पहिल्या दिवसापासून कर कापणार, असं तिथल्या पगारखात्यातल्या बाईंनी मला कॉफी देता देता सांगितलं. दोन देशांच्या करारात तसंच आहे. मी काही बोललो नाही. नियम तो नियम.

इकडचा नियम वेगळा. भारतात वर्ष एप्रिलला सुरू होतं, तिकडे जानेवारीला. भारतात 182 दिवस काढले की तुम्ही निवासी, आणि निवासी माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. त्या वर्षी मी भारतात 188 दिवस होतो. आमच्या सीएंनी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजून दाखवलं. 28 सप्टेंबरला विमानात बसला असतात तर 181 भरले असते, म्हणाले. मशीनचं क्रेटिंग लांबलं म्हणून मी सात दिवस उशिरा गेलो. सुतारांनी खोकी वेळेत ठोकली असती तर मी अनिवासी ठरलो असतो, आणि हे पत्र लिहायची वेळ बहुधा आली नसती.

असो. मी निवासी. जर्मनीतल्या कमाईवर इथेही कर, आणि तिथे कापलेला कर त्यातून वजा. हीच तर कराराची सोय. एकाच घामावर दोनदा कर नको म्हणून 1995 मध्ये भारत आणि जर्मनीने सही केली. मी ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत तिथे 2,712 युरो कर भरला. तो रुपयांत मांडायचा तर प्रत्येक महिन्याच्या कपातीला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो भाव, लावायचा. सहा महिने, सहा रेट. ते जुने रेट शोधण्यात माझ्या दोन रात्री गेल्या. बायको म्हणाली, एवढा अभ्यास बारावीला केला असता तर तुम्ही आज क्लासवन अधिकारी असता.

रिटर्न 26 जुलै 2024 ला भरलं, मुदतीत. त्यात जर्मनीतल्या कराचा आकडा होता. परदेशी कराचं श्रेय मागायचा फॉर्म 67 मात्र 9 ऑक्टोबरला गेला, कारण तिकडच्या पगारखात्याने दुरुस्त पावत्या सप्टेंबरात पाठवल्या. आता ऐका. हा फॉर्म पूर्वी रिटर्नच्या मुदतीतच द्यावा लागे. ऑगस्ट 2022 मध्ये तुमच्याच खात्याने नियम बदलला आणि करनिर्धारण वर्ष संपेपर्यंत चालेल असं केलं. माझ्यासाठी ती तारीख 31 मार्च 2025. मी पावणेसहा महिने आधी दिला. तरी फेब्रुवारीत सूचना आली: परदेशी कराचं श्रेय शून्य. व्याजासकट 2,83,610 रुपये भरा.

शून्य! 2,712 युरो कुठे गेले? मी काय ते ख्रिसमसच्या बाजारात गरम वाइन पिऊन उडवले?

दुरुस्तीचा अर्ज एप्रिलमध्ये केला. 'अभिलेखात चूक दिसत नाही.' जुलैत पुन्हा केला. तेच उत्तर, तेच वाक्य, स्वल्पविरामासकट. तक्रार पोर्टलवर टाकली तर 30 दिवसांत निवारण होईल असं आश्वासन आलं. एकोणतिसाव्या दिवशी निवारण झालंसुद्धा. म्हणजे तक्रार बंद झाली. शेरा असा की आपण दुरुस्तीचा अर्ज करावा. शेवटी पुण्यातल्या कार्यालयात हाफ डे टाकून गेलो. तिथल्या साहेबांनी कागद नीट पाहिले, हे मान्य करतो. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो, पण सिस्टिम घेत नाही."

आणि गंमत ऐका. ज्या 58,240 रुपयांचा परतावा तुम्ही वळता केलात, तो मुळात आला कुठून? एप्रिल ते जून 2024 या तीन महिन्यांच्या जर्मन कराचं श्रेय पुढच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये मागितलं होतं. ते मिळालं. तेच कर कार्यालय, त्याच नमुन्याच्या पावत्या, तोच मी. म्हणजे एका वर्षी जर्मनीत कर भरला हे तुम्हाला मान्य, आणि त्या मान्यतेतून आलेले पैसे आदल्या वर्षी भरलाच नाही म्हणून जप्त. आमच्या गावाकडे याला 'आवळा देऊन कोहळा काढणे' म्हणायचे, पण इथे आवळाही माझाच होता.

अजून एक. नोव्हेंबर 2024 मध्ये खात्याने परदेशी मालमत्ता जाहीर करा अशी मोहीम काढली होती. मलाही एसएमएस आला. तिथल्या पगाराच्या खात्यात 212 युरो पडून होते, ते मी आधीच रिटर्नमध्ये दाखवले होते. जर्मनीतल्या माझ्या 212 युरोंची बातमी देशांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीतून तुमच्यापर्यंत पोचते. त्याच देशात भरलेले 2,712 युरो मात्र पावती जोडूनही दिसत नाहीत. घेण्याच्या बाबतीत दुर्बीण आणि देण्याच्या बाबतीत मोतीबिंदू, असं यंत्र कुठे मिळतं? आमच्या कंपनीला दाखवतो, आम्हीही बनवू.

सीए म्हणतात, अपील करा. फी हजार रुपये, त्यांची वेगळी. पहिल्याच पायरीवर पाच लाखांहून जास्त अपिलं तुंबलेली आहेत. तोवर वसुली थांबवायची तर रकमेचे 20 टक्के भरायचे. मागणीवर महिना 1 टक्का व्याज तुमचं. माझं काही निघालं तर महिना अर्धा टक्का. किराणा दुकानदारसुद्धा असा तराजू ठेवायला लाजेल. आणि न्यायाधिकरणं वर्षानुवर्षं सांगतायत की हा फॉर्म ही केवळ कार्यपद्धती आहे, करारातला हक्क त्याने बुडत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये उशिरा दिलेल्या फॉर्मलाही मान्यता दिली. माझा तर उशिराही नाही! मग मला कोर्टात कशाला पाठवता?

माझं दुःख फक्त पैशाचं आहे असं समजू नका. त्या नऊ महिन्यांत माझ्या मुलीचं पहिलीचं अर्धं वर्ष गेलं. दिवाळीत मी पोटमाळ्याच्या तिरक्या छताखाली मोबाइल उभा करून तिची किल्ल्यावरची मावळ्यांची रांग बघितली. आवाज तुटत होता. ती विचारत होती, महाराज कुठे ठेवू? मी सांगेपर्यंत नेटवर्क गेलं. जानेवारीत शेडमध्ये उणे सहा होतं, कॅलिब्रेशन करताना बोटं वळत नव्हती. पोह्यांऐवजी ओट्स फोडणीला टाकून खाल्ले. ते वाईट लागतात, महोदया, विश्वास ठेवा. हे सगळं केलं कारण मशीन चालू झाली तर पुढच्या चार मशिनींची ऑर्डर होती. ती मिळाली. म्हणजे निर्यात झाली, कंपनीला पैसे आले, देशाला युरो आले, जर्मनीला कर मिळाला, तुम्हाला कर मिळाला. मधल्या माणसाला डिमांड नोटीस मिळाली.

एक गोष्ट नीट झाली तीही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसती रड. जाण्याआधी भविष्य निर्वाह निधीकडून कव्हरेज सर्टिफिकेट काढलं होतं. जर्मनीशी सामाजिक सुरक्षेचा करार असल्यामुळे इथला पीएफ चालू ठेवला की तिथलं पेन्शन कापत नाहीत. तिथे पगारातून 9.3 टक्के जातात, मालकाचे तेवढेच वेगळे. माझे वाचले. एक कागद दाखवला, काम झालं. म्हणजे सरकारला मनात आणलं तर जमतं.

पण अमेरिकेशी हा करार आजवर नाही. माझा मावसभाऊ तिथे कंपनीने पाठवलेला. दर पगारातून 7.65 टक्के सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला जातात. पेन्शनचा हक्क 40 क्रेडिट झाल्यावर, म्हणजे किमान 10 वर्षांनी. त्याचा एल-1बी व्हिसा जास्तीत जास्त 5 वर्षांचा, एच-1बी सहसा 6 वर्षांचा. हिशेब तुम्ही करा, तुम्ही अर्थमंत्री आहात. आमची पोरं अमेरिकन म्हाताऱ्यांचं पेन्शन भरून परत येतात आणि आपण दर भेटीत 'सकारात्मक चर्चा' करतो. ब्रिटनशी 2025 मध्ये जमवलंत. चांगलं केलंत. मग अमेरिकेशी वीस वर्षं नुसती चर्चाच? आता सप्टेंबरपासून त्यांनी नव्या एच-1बीवर लाख डॉलरची फी बसवलीय, म्हणजे तो प्रश्न ते आपल्या पद्धतीने सोडवतायत.

2024-25 मध्ये परदेशातल्या भारतीयांनी 135 अब्ज डॉलर देशात पाठवले. रुपयांत साडेअकरा लाख कोटी. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत त्यातला पाचवा हिस्सा एकट्या महाराष्ट्रात येतो, केरळच्याही पुढे. भाषणात हा आकडा आला की टाळ्या पडतात. टाळ्यांवर टीडीएस नाही म्हणून बरं.

आणि कंपन्यांच्या बाबतीत खातं किती चपळ असतं बघा. परदेशी कंपन्यांची माणसं तात्पुरती इथे येतात, त्यावर जीएसटी लागतो असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे 2022 मध्ये आला. धडाधड नोटिसा गेल्या, आरडाओरडा झाला, आणि डिसेंबर 2023 मध्ये अप्रत्यक्ष कर मंडळाने सूचना काढली: निकाल यांत्रिकपणे लावू नका, प्रत्येक प्रकरण तपासा. शब्द बघा, यांत्रिकपणे लावू नका! माणूस तिकडून इकडे आला तर तपासायचं आणि इकडून तिकडे गेला तर सिस्टिम घेत नाही? 2019 मध्ये कंपन्यांचा कर एका सकाळी 22 टक्क्यांवर आणलात, सरकारने स्वतःच सांगितलं की 1 लाख 45 हजार कोटी सोडले. आज कंपन्यांपेक्षा आम्ही माणसंच जास्त प्राप्तिकर भरतो. त्यातल्या एकाला पावणेतीन लाखांसाठी वर्षभर फिरवताना कुणाला काही वाटत नाही. ऑगस्ट 2020 मध्ये 'प्रामाणिकांचा सन्मान' म्हणून मंच काढला, करदात्यांची सनद दिली. चेहराविरहित व्यवस्था म्हणालात. चेहरा नाही हे खरंच. कान नाहीत हे सनदेत लिहायचं राहिलं.

1 एप्रिलपासून नवा प्राप्तिकर कायदा येतोय. कलमं 819 वरून 536, शब्द निम्मे. छान. त्या वाचलेल्या शब्दांतले चार इकडे वापरा: मुदतीत आलेला फॉर्म माणसाने वाचावा. आणि दुरुस्तीचा अर्ज किंवा लेखी हरकत पडून असताना परताव्याला हात लावू नये. जर्मन पावत्या जानेवारी ते डिसेंबरच्या असतात हे सिस्टिम लिहिणाऱ्याला कुणीतरी समजावून सांगावं. एवढंच मागतो. माझे 58,240 मागतोय ते वेगळं. ती मागणी नव्हे, ती माझी थकबाकी.

काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. मेक्सिकोत दोन मशिनी जातायत, सप्टेंबरच्या सुमाराला, सात-आठ महिने. मी होही म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. खोकी कधी ठोकून होणार तेवढं विचारलं.

आपला,
एक सर्व्हिस इंजिनिअर
(निवासी, 188 दिवस)