एकपानीचा रस आणि पक्षाघात

महोदय,

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला की आपल्याकडे अजूनही आधी परसातली एकपानी (मंडूकपर्णी ही औषधी वनस्पती) खुडतात आणि पेलाभर रस रुग्णाच्या तोंडात ओततात. घात इथेच होतो. पक्षाघातात गिळणे बिघडलेले असू शकते. रस श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच द्यावे लागते, तेही सीटी स्कॅननंतर. तेव्हा तोंडात पाणीसुद्धा न घालता १०८ ला फोन करा आणि रुग्णाला शेवटचे धडधाकट पाहिले ती वेळ कागदावर लिहा.

ब्राह्मी-एकपानी मेंदूच्या पेशी वाचवते, हे दिसले ते मुख्यतः उंदरांत. शिवाय ‘ब्राह्मी’ म्हणून दोन्ही विकल्या जातात: एकपानीचे पान गोल, दातेरी, लांब देठाचे, खरी ब्राह्मी बारीक, मांसल पानांची.

घरी परतल्यावरही वॉर्फरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी औषधे चालू असताना लसणाच्या वा गिंको या झाडाच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, रक्तस्राव होऊ शकतो. हुमणातल्या (माशांच्या आमटीतल्या) लसणाच्या चार पाकळ्यांना कोणी अडवत नाही.

– एक वाचक, फोंडा