ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस

सोलापूर, रविवार

साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आईनं आधी "अगं बाई" म्हटलं असतं आणि बाबांनी काही न बोलता फोन दादाकडे दिला असता. म्हणून लिहिते आहे. बाबा, आधी तुम्ही शेवटपर्यंत वाचा, मग आईला वाचून दाखवा. मधलंच एखादं वाक्य तोडून सांगू नका तिला.

मी गाडी घेतली. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा, १९९६ चं मॉडेल, पांढरी, पेट्रोल, आपल्या एमएच-१३ चीच. रोज चिंचोली एमआयडीसीला याच गाडीनं जाते. आरसी माझ्या नावावर झाली, माझी छोटी गाडी विकली, तेव्हा आता मागे फिरणं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या तोंडावर तुमच्या डोक्याला आणखी एक विषय नको, म्हणून तेव्हा बोलले नाही. पण तुम्हाला वगळून केलं असं मनातसुद्धा आणू नका. बाबा, तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमध्ये जशी गाडी बघायचा, तशीच मी ही बघितली.

पंढरपूरच्या एका निवृत्त डॉक्टरांची ही गाडी. एकहाती वापर, कायम शेडमध्ये. मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, असं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे ना बघितलं, मिस्त्रींना स्टार्टर मारायला लावला आणि मी मागे सायलेन्सरपाशी उभी राहिले. निळा धूर आला नाही. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय नव्हती, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, जवळपास सारखं भरलं. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघितले. मॅट उचलून फ्लोअरही बघितला. ड्रायव्हरच्या पायाखाली गंज होता, तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करून घेतला आहे. बाकी आपल्या कोरड्या हवेचे उपकार. हीच गाडी रत्नागिरीला असती तर खालून चाळण झाली असती.

"अंग केवढं आणि इंजिन केवढं," असं तुम्ही कॉन्टेसाला कायम म्हणायचा. १९८४ च्या पहिल्या गाड्यांबद्दल ते खरंच होतं, त्यांना अँबॅसिडरचं दीड लिटरचं इंजिन ओढत नेत होतं. ही नंतरची कॉन्टेसा क्लासिक आहे, इसुझूचं १८०० सीसी इंजिन आणि पाच गिअरची. हेच इंजिन पुढे अँबॅसिडर १८०० आयएसझेडला आलं, त्यामुळे इंजिनाचं सामान अजून शोधलं की मिळतं. अवघड आहे ते काचेचं, मागच्या दिव्यांचं आणि काचांभोवतीच्या रबरी बीडिंगचं. कॉन्टेसा २००२ लाच बंद झाली आणि कंपनीचा उत्तरपाड्याचा कारखानाही २०१४ पासून बंद आहे. म्हणून डॉक्टरांच्या माळ्यावर पडलेला मागच्या दिव्यांचा जादा जोड मी व्यवहारातच मागून घेतला. हे वाचून तुम्ही मान हलवाल, मला माहीत आहे.

आई, दादाचा मुलगा तुला मोबाइलवर अमेरिकेतल्या मसल कार दाखवेल. ते बघून झोप उडवून घेऊ नकोस. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओसारख्या त्या गाड्यांत आठ सिलिंडरची दांडगी इंजिनं असायची. आपल्या गाडीचा नुसता तोंडवळा तसा आहे, लांब बॉनेट आणि चार गोल दिवे. ताकद मागच्या चाकांना जाते, एवढंही साम्य आहे, म्हणून पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर मी एकदम ॲक्सिलरेटर दाबत नाही. हायवेला सत्तरच्या वर काटा नेत नाही. तुझ्या मनात मोहोळचं ते वळण अजून आहे. माझ्याही आहे. तुझ्यापासून लपवत नाही, या गाडीला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. म्हणून चारही टायर, ब्रेकचे पाइप आणि व्हील सिलिंडर नवे टाकले, आणि मागच्या सीटलाही खांद्यावरून येणारे पट्टे बसवून घेतले. आधी पट्टा, मग चावी, हा नियम मी मोडत नाही.

उन्हाळ्याची काळजी मलाच जास्त होती. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसला टेकला की कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं पेट्रोल पाइपातच वाफ होऊन अडतं. रेडिएटर उघडून साफ केला, नवा थर्मोस्टॅट टाकला, पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब फिरवून घेतला. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्याच्या उसाचं पीक ते, पण जुनं रबर त्यानं फुगतं आणि चिरतं. त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे रबरी पाइप, डायफ्रॅम, वॉशर सगळे इथेनॉलला टिकणारे टाकले.

पैशाचं सांगते. एक रुपया कर्ज काढलेलं नाही. छोटी गाडी विकून जे आले त्यात ही बसली आणि दुरुस्तीही झाली. लिटरला आठ-नऊच्या वर जात नाही, हे खरं. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार झाली, पण ती दर पाच वर्षांनी. शिवाय पर्यावरण कर. सगळं वहीत लिहून बघितलं, तरी नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा कमीच पडतं. एखाद्या दिवशी रुसली तर कंपनीची बस सात रस्त्यावरून जातेच.

आणि बाबा, तुमचा गुडघा. छोट्या गाडीत मागे तुम्हाला पाय मुडपूनच बसावं लागायचं. इथे मागे ऐसपैस जागा आहे, टाच पुढे सरकवून पाय मोकळा सोडता येतो. सीट जरा खोल आहे, म्हणून घट्ट फोमची उशी शिवायला टाकली आहे. आईसाठी तिच्या बाजूला पाण्याच्या बाटलीची आणि पिशवीची सोय केली आहे. एसी चालतो, आणि गार करतो. खालून ठोकर तर कळतच नाही, आपल्या विजापूर रोडवरसुद्धा.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण मला ती आवडली, हेही तितकंच खरं आहे. तुम्ही रात्री स्कूटर खोलून बसायचा आणि मी बॅटरी धरायची, हात हलला की "उजेड कुठे गेला गं बबे" म्हणायचा. रॉकेलनं हात धुऊन मगच मला कडेवर घ्यायचा. परवा मिस्त्रींनी टॅपेट लावताना इंजिन ऐकत उभी होते, तर तो वास आला आणि तुमच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. स्कूटरला मी हात लावलेला नाही. झाकून ठेवली आहे, तुम्ही आलात की बघू.

आता दोघांनीही ऐका. बाबा, झोपताना गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, पाय वाकडा राहतो. रक्त पातळ करायची गोळी डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत चालू ठेवायची. वॉकर कोपऱ्यात ठेवून भिंत धरून चालता, हे दादानं सांगितलं आहे. ते आजपासून बंद. आई, बीपीची गोळी सकाळी चहाआधी. शेंगाचटणीचा डबा संपला म्हणून दुसरा पाठवणार नाही, त्यात मीठ किती असतं ते तुलाच माहीत. वहिनीला स्वयंपाक करू दे.

घरची चिंता नको. पाणी येतं त्या दिवशी टाकी भरून घेते, तुळशीला घालते.

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की मी तुम्हाला न्यायला पुण्याला येते. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, चारही ठिकाणी थांबू, तुम्ही उतरून चार पावलं चालायचं. बसताना आधी सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. आईला या गाडीत बसायची धास्ती वाटत असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटं काढते, मला जराही वाईट वाटणार नाही. पुणे स्टेशनवर व्हीलचेअरचं आधी सांगून ठेवावं लागेल, तेव्हा काय ते आठवडाभर आधी कळवा. आणि बाबा, टॅपेटचा गॅप गरम इंजिनावर घेतला आहे, तो बरोबर ना, तेवढं फोनवर सांगा.

तुमची
बबी