सांगशाकच्या वह्या वाचवायच्या आहेत : वाचनालयाचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा खालच्या आळीतल्या एका घरातली लोखंडी ट्रंक माळ्यावर चढवायची राहून गेली. दोन दिवस ती पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी ती उघडली, तर वर पलटणीचा लोकरी कोट, खाली एक पितळी थाळी आणि अगदी तळाशी मेणकापडात बांधलेल्या तीन वह्या. मेणकापडाने बरंच वाचवलं, पण कडा भिजल्याच. जिभेला लावून लिहायची ती जांभळी पेन्सिल जुन्या माणसांना आठवत असेल. पाणी लागलं की तिचं अक्षर शाईसारखं फुटतं. दुसऱ्या वहीतल्या बऱ्याच पानांच्या खालच्या तीन-चार ओळी आज नुसता जांभळा डाग आहेत.

वह्या आप्पांच्या. मणिपूरमधल्या सांगशाक इथल्या १९४४ च्या लढाईची हकीकत त्यांत आहे. गाव त्यांना आप्पाच म्हणायचं. पूर्ण नाव पुस्तकावर येईल, तोवर छापू नका अशी घरच्यांची इच्छा आहे. आप्पा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये नायक या हुद्द्यावर होते, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर त्यांचं काम होतं टेहळणीचं. चार-पाच जणांनी आठ-दहा दिवसांची शिधा पाठीवर घेऊन जंगलात शिरायचं, जपानी कुठे आहेत, किती आहेत, वाटा कोणत्या वापरतात ते पाहायचं, आणि शक्यतो एकही गोळी न झाडता परत यायचं. गोळी झाडावी लागली तर फेरी फुकट गेली, असं आप्पा लिहितात.

गावात त्यांची ओळख मात्र सोसायटीच्या दुकानात रॉकेल मोजून देणारे अशी होती. लढाईचं विचारलं की ते पाऊसपाण्याकडे वळायचे.

या वह्यांत काय आहे ते थोडं सांगतो, कारण पैसे कशासाठी मागतोय ते कळायला हवं. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि मणिपूरच्या डोंगररांगा म्हणजे हिंदुस्थानची उंबरठ्याची पायरी झाली. उखरुलच्या बाजूचा तांगखुल नागांचा मुलूख आणि पलीकडे चिंदविन नदी. मधल्या जंगलात दोन्ही बाजूंच्या गस्ती एकमेकांचा माग काढत फिरत. आप्पांनी माग काढण्यावर जवळजवळ सोळा पानं लिहिली आहेत आणि आमच्या मते वह्यांतला हा सगळ्यात मोलाचा भाग. जपानी शिपायाचा रबरी बूट अंगठ्यापाशी फाटलेला असे, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं वेगळी. ओल्या मातीत तो ठसा दिसला की ओळखायला शंका नको. पण ठसा किती वेळापूर्वीचा? ठशाच्या कडेची माती ढासळली आहे का, आत पानं पडली आहेत का, मुंगी आत उतरून पुन्हा वर आली आहे का, हे ते बघत. उसाच्या सरीत डुकराचा माग काढायला वडिलांनी शिकवलं होतं, तेच तिथे कामी आलं, असं त्यांनी सहज लिहून टाकलंय.

बाकी मग जळवा. मलेरियासाठीच्या गोळ्यांनी पिवळी पडलेली कातडी. चूल पेटवायची नाही म्हणून सलग तीन दिवस शकरपारे. खोकला येणाऱ्या माणसाला फेरीवर नेत नसत. रात्री झोपताना एकमेकांच्या मनगटांना दोरी बांधत, म्हणजे उठवायला आवाज नको.

मार्च १९४४ पर्यंत वही येते आणि अक्षर बदलतं, दाबून लिहिलेलं. १५ मार्चच्या रात्री जपानी ३१ वी डिव्हिजन चिंदविन ओलांडून निघाली. तिच्या वाटेत उखरुलजवळच्या सांगशाक गावाच्या टेकडीवर ५० वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्यासोबत आपली चौथी मराठा बटालियन उभी राहिली. टेकडीवर मातीचा थर पातळ, खाली खडक. मोर्चे खोल खणता येईनात. काटेरी तार नाही. पाणी जवळजवळ नाही. विमानातून टाकलेली बरीचशी रसद हद्दीबाहेर, जपान्यांच्या बाजूला पडली. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम येईपर्यंत ही माणसं तिथे राहिली आणि मग लहान लहान गटांनी जंगलातून इंफाळच्या दिशेने निघाली.

या लढाईत पडलेल्या एका जपानी अधिकाऱ्यापाशी नकाशे आणि कागद सापडले. जपानी डिव्हिजनचं लक्ष्य कोहिमा आहे, हे त्यांतून कळलं. त्यांच्या नकला वेढ्यातून बाहेर काढून इंफाळला पोचवल्या गेल्या. ती कामगिरी आप्पांची नव्हे, हे इथे स्पष्ट लिहितो, कारण गावात आता तशी दंतकथा तयार होऊ लागली आहे. आप्पा त्या वेळी टेकडीच्या दुसऱ्या अंगाला होते आणि त्यांना हे सगळं नंतर, इंफाळच्या इस्पितळात कळलं. त्यांनी स्वतःच तसं नोंदवलंय. माणूस प्रामाणिक होता, आपण कशाला वाढवून सांगायचं?

एका पानावरून आमच्या कार्यकारिणीत दोन बैठका वाद झाला. समोरच्या अंधारातून रात्री हिंदुस्थानीत हाक आली, आपल्याच माणसाची, की इंग्रजांसाठी मरू नका, इकडे या. ती हाक ऐकून मनात काय झालं ते आप्पांनी चार ओळींत लिहिलंय, आणि ते सोपं नाही. आझाद हिंद फौज त्याच आघाडीवर जपान्यांसोबत होती. फौजेतले ज्येष्ठ अधिकारी जगन्नाथराव भोसले तर सावंतवाडीकडचे आणि मूळचे मराठा पलटणीचेच. स्वातंत्र्यानंतर गावोगाव नेताजींच्या तसबिरी लागल्या, आणि त्याच लढाईतून दुसऱ्या बाजूने परतलेले हजारो जण गप्प बसले. आप्पांच्या गप्प बसण्याचं कारणही बहुधा हेच. ते पान गाळावं असं काहींचं म्हणणं होतं. गाळायचं नाही असं ठरलंय. हे आधीच सांगतो, म्हणजे देणगी देऊन नंतर कुणाला वाईट वाटायला नको.

आता अडचण. वह्या मोडी लिपीत आहेत. शत्रूला कळू नये म्हणून मोडीत लिहिल्या, असं काही जण सांगतात. पण आप्पांनी हे पलटणीतून सुटून आल्यावर लिहिलंय, आणि त्यांच्या पिढीच्या हाताला मोडीच सवयीची होती, एवढंच ते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, सगळी अक्षरं एका रेघेखाली धावतात. मराठी मजकूर त्यामुळे अडत नाही, पण त्यात नागा गावाचं नाव आलं की ते पुढच्या क्रियापदाला चिकटतं आणि आम्ही बसतो डोकं खाजवत. आजवर दोन निवृत्त शिक्षकांनी मिळून पहिली वही, म्हणजे बेळगावच्या ट्रेनिंगची, देवनागरीत उतरवली. दुसरी वही अर्ध्यावर आहे, कारण भिजलेली पानं उलटताना तुटतात.

म्हणून मदत हवी आहे.

पैशांचं आधी. तिन्ही वह्या मिळून २१४ पानं. ती सुटी करून, साफ करून, फाटलेल्या जागी पातळ कागद लावून मजबूत करायला ७० हजार रुपये खर्च सांगितलाय. त्या कामाला वापरतात तो कागद ‘जपानी टिश्यू’ म्हणून ओळखला जातो. आप्पा असते तर हसले असते. स्कॅनिंगला १२ हजार, आणि अक्षरजुळणी, नकाशे व ५०० प्रतींची छपाई धरून ७८ हजार. एकूण १ लाख ६० हजार. त्यांतले ४१ हजार ५०० जमले आहेत. यात दूध डेअरीच्या कामगारांचे सात हजार आहेत आणि सातवीच्या वर्गाने आणलेले ६४० रुपये, बहुतेक सुटे. वह्या दुरुस्तीला पावसाळ्याआधीच जायला हव्यात. आपल्याकडच्या दमट हवेत आणखी एक चातुर्मास दुसरी वही काढेल असं वाटत नाही. पावती प्रत्येकाला मिळेल. आयकराच्या सवलतीचं प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, तेव्हा त्यासाठी कुणी देऊ नये.

मोडी वाचता येत असेल तर पैसे राहू द्या, संध्याकाळी या. स्कॅन झाल्यावर पानं घरीही पाठवता येतील, त्यामुळे पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेल्यांनीही हात लावावा. मोडीचे वर्ग नुकतेच केलेल्यांचं विशेष स्वागत. तुमचा सराव होईल आणि आमचं काम.

घरात कुणी त्या काळात मराठा पलटणीत असेल तर एकदा ट्रंका उघडून पाहा. पे-बुक (शिपायाच्या पगाराची वही), ग्रुप फोटो, बर्मा स्टार पदक, मनिऑर्डरीची पावती, काहीही चालेल. मूळ वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही, तुमच्यासमोर फोटो काढून परत देऊ. आप्पांच्या टोळीतले दोघे परत आले नाहीत. वहीत त्यांची फक्त पहिली नावं आणि तालुके आहेत, एक खानापूर आणि एक पाटण. ज्यांची राख किंवा थडगं सापडलं नाही अशा जवळजवळ २७ हजार जणांची नावं यांगूनजवळच्या तौक्क्यान इथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. आडनाव कळलं तर तिथे शोधता येईल. त्या दोन तालुक्यांत हे आवाहन शक्य तितकं पुढे पाठवा.

आणि एक विनंती पुण्यात शिकणाऱ्या मणिपूरच्या मुलामुलींना, किंवा त्यांच्या मराठी मित्रांना. आप्पांचा वाटाड्या एक तांगखुल तरुण होता. त्याला मजुरी म्हणून मीठ हवं असे, पैसे नको. त्याच्या गावाचं नाव आम्ही तीन तऱ्हांनी वाचलंय आणि तिन्ही नकाशात नाहीत. तिथली भाषा येणाऱ्या कुणी ते पान पाहिलं तर कोडं दहा मिनिटांत सुटेल. पहिली प्रत त्या गावाला पाठवायची आहे.

वाचनालय रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं, खाते क्रमांक आतल्या फलकावर लावला आहे. तिसरी वही, जी सगळ्यात कमी भिजली, रविवारी सकाळी टेबलावर ठेवतो. पाहायला जरूर या. पानं फक्त ग्रंथपाल उलटतील, आणि चहा बाहेरच्या कट्ट्यावर मिळेल, आत आणू नका.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी